तेवढाच बदल, आपल्या नावाने

मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात मी बरीच वर्षं आहे. या कामाला नव्याने येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "काय भाषांतर करायचं ते पाठवा, मी करून देतो." हेतू चांगला असतो, मराठीही अनेकदा उत्तम असतं. तरी मी त्याला लगेच काही पाठवत नाही. आधी तुमच्या संगणकावर गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, बसवू, ते तुमच्यापुरतं नीट लावून घेऊ आणि मग कामाला हात घालू, असं सांगतो. यात एखादी संध्याकाळ जाते, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. काही जण इथेच गळतात. त्याचं वाईट वाटतं. तरीही हा आग्रह मी सोडलेला नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की आपण प्रकल्पाला फाइल देतो. प्रत्यक्षात फाइल सबंध अशी कुणी वाचत नाही. तपासणारा पाहतो तो डिफ, म्हणजे फरक: जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी. हा माणूस बहुधा दुसऱ्या देशात बसलेला असतो, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्री हे काम करत असतो आणि त्याला मराठी येत नसतं. आमच्या भाषांतराचा कस तो लावू शकत नाही. त्याला एवढंच दिसतं की या व्यक्तीने दहा-बारा ओळींना हात लावला आणि बाकीची फाइल होती तशी ठेवली. त्या भरवशावर तो बदल आत घेतो. पण डिफ उघडल्यावर सगळी फाइलच लाल-हिरवी झालेली दिसली, तर तो काय करणार? त्यातल्या दहा ओळी कितीही सुंदर असोत, त्या सापडतच नाहीत. आपण केलेला बदल तेवढाच दिसावा आणि तो आपल्या नावाने दिसावा, एवढ्या दोन गोष्टींसाठी सुरुवातीची ही सगळी मांडणी असते.

त्याआधी प्रकल्प कुठलं साधन वापरतो ते बघून घ्यावं लागतं. आज गिटचा प्रसार इतका आहे की वेगळं काही असेल अशी शंकाही नव्या लोकांना येत नाही. पण केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने आपला कोड गिटवर नेल्यानंतरही भाषांतराच्या फाइली वर्षानुवर्षं सबव्हर्जनमध्येच ठेवल्या. फायरफॉक्सचा कोड दीर्घकाळ मर्क्युरिअलमध्ये होता. गिटवर जाण्याचा निर्णय मोझिलाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. गंमत अशी की मर्क्युरिअल आणि गिट दोघांचाही जन्म एप्रिल २००५ मधला आणि दोघांच्या जन्माचं कारणही एकच. लिनक्सचं कर्नल तोवर बिटकीपर नावाच्या खासगी साधनावर सांभाळलं जात होतं. ते बनवणाऱ्या कंपनीने फुकट वापराची मुभा काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलं आणि तेव्हापासून त्याची देखभाल हमानो करत आले आहेत.

हा इतिहास मी नव्या लोकांना मुद्दाम सांगतो. गिट असं का वागतं, हे त्यातून उलगडतं. एकमेकांना कधी न भेटलेल्या हजारो माणसांचं काम मोजक्या माणसांना पारखून एकत्र करता यावं, या गरजेतून ते घडलं. म्हणून ते सतत विचारत राहतं: कुणी केलं, कधी केलं, नेमकं काय बदललं. ही चौकशी पहिल्या दिवशी जाचक वाटते.

मी हे कधी सर्वांत बारकाईने अनुभवलं असेल, तर ते माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना गिट लावून देताना. बाई निवृत्त होऊन कराडजवळच्या त्यांच्या गावी राहतात. नातीच्या शाळेत मुलांना शिकवायला एक मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, त्यातलं मराठी पाहून त्यांनी मला फोन केला. "अरे, हे कुणी केलंय? 'तुम्ही खात्री आहात का' म्हणे! हे बदलता येतं का आपल्याला?" मी म्हटलं, "येतं बाई, पण आधी थोडी तयारी करावी लागेल." त्यावर त्या म्हणाल्या, "तयारीशिवाय मी कधी वर्गावर गेलेय का?" नात शाळेतून आली की ती कॅमेरा संगणकाच्या पडद्यावर धरायची आणि मी पुण्याहून बघून सांगायचो, असा आमचा क्रम बसला.

विंडोजवर गिट बसवताना एकामागून एक बऱ्याच खिडक्या येतात आणि प्रत्येक खिडकी काहीतरी विचारते. बहुतेक ठिकाणी आधीच निवडलेलं उत्तर राहू दिलं तरी चालतं. दोन ठिकाणी मात्र मी थांबवतो. पहिली खिडकी एडिटरची. तिथे आपोआप विम निवडलेलं असतं. विम हे फार ताकदीचं साधन आहे, पण ते ज्याने कधी वापरलेलं नाही त्याचं पहिलं कमिट, म्हणजे बदलाची पहिली नोंद, त्यातच अडकून पडतं. बाईंना मी नोटपॅड निवडायला सांगितलं. दुसरी खिडकी ओळींच्या शेवटाची. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. डोळ्यांना काही दिसत नाही, पण विंडोजवर फाइल नुसती उघडून जतन केली तरी काही एडिटर सगळ्या ओळींचा शेवट बदलून टाकतात आणि मग एक शब्द सुधारणाऱ्या माणसाच्या नावावर सबंध फाइल बदलल्याची नोंद होते. काळजी घेणारे प्रकल्प यासाठी गिटअॅट्रिब्यूट्स नावाची फाइल आधीच ठेवून देतात. आमच्या प्रकल्पात ती होती. तरी संगणकावरची निवडही बरोबर असलेली बरी, कारण उद्या बाई दुसऱ्या प्रकल्पात गेल्या तर तिथे ती फाइल असेलच असं नाही.

भाषांतरकारांचा असाच आणखी एक छुपा शत्रू म्हणजे ओळी मोडणं. आमच्या फाइली पीओ प्रकारच्या असतात. मूळ वाक्य, खाली त्याचं मराठी, असा हजारो जोड्यांचा गठ्ठा. ती फाइल पोएडिट या भाषांतराच्या एडिटरमध्ये उघडली की तो लांब ओळी आपल्या हिशोबाने मोडून पुन्हा लिहू शकतो. आधीच्या माणसाची रुंदी वेगळी असेल तर पुन्हा तेच: वाक्यं जशीच्या तशी, ओळी मात्र इकडच्या तिकडे. पोएडिटच्या सेटिंगमध्ये असलेली मांडणी जपण्याचा पर्याय आहे. तो चालू आहे ना, हे मी बघून घेतो. बाईंना मी बिघडलेल्या डिफचा एक जुना नमुना पाठवला आणि नीट डिफचा एक. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "हे म्हणजे मास्तराने उत्तरपत्रिका लाल शाईने भरून टाकल्यासारखं झालं. मुलाचं कुठे चुकलं ते त्याला कसं कळायचं?" पुढे मला यावर वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मग आली नावाची पाळी. पहिलं कमिट करण्यापूर्वी गिटला तुमचं नाव आणि ई-मेल हवा असतो. दोन छोट्या आज्ञा, मिनिटभराचं काम. पण इथे मी घाई करू देत नाही. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. फाइलींतला मजकूर, त्याआधीचं कमिट, लेखकाचं नाव, ई-मेल, वेळ आणि संदेश या सगळ्यांतून तो काढलेला असतो. यातलं एक अक्षर बदललं तरी तो क्रमांक बदलतो आणि त्याच्यावर बेतलेले पुढचे सगळे क्रमांकही. कमिट आपल्याच संगणकावर असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. एकदा ते प्रकल्पात जाऊन इतरांचं काम त्यावर रचलं गेलं, की ते नाव तिथेच राहतं. मेलमॅप नावाच्या फाइलीतून यादीत दाखवताना ते बदलून दाखवता येतं, मूळ नोंद मात्र बदलत नाही.

हे सांगितल्यावर बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कुठलं नाव लिहू?" त्यांचं लिखाण माहेरच्या नावाने दिवाळी अंकांत छापून यायचं. शाळेच्या हजेरीवर, पेन्शनच्या कागदांवर सासरचं. विद्यार्थी नुसतंच पहिलं नाव आणि पुढे 'बाई' म्हणून ओळखतात. इंग्रजी स्पेलिंगही बँकेत एक, आधारवर दुसरं. मी त्यांना कुठलंही एक सुचवलं नाही. गिटला कागदपत्रांवरचंच नाव लागतं असं नाही, एवढं सांगितलं. काही प्रकल्पांत कमिटच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ नावानिशी लिहावी लागते: हे काम माझं आहे किंवा ते देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही पद्धत २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ कंपनीने आयबीएमवर लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून खटला भरला होता आणि कुठली ओळ कुणाकडून आली हे दाखवता येण्याची निकड सगळ्यांना पटली होती. तिथेही पूर्वी 'खरं नाव' अशी अट होती. २०२३ मध्ये तिच्या जागी 'ओळखीचं नाव' असा बदल झाला. निनावी काम अजूनही चालत नाही, पण माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते नाव चालतं.

बाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माहेरच्या आडनावाने, देवनागरीत नाव लिहिलं. "लिहिणारी मी त्याच नावाची आहे," एवढंच म्हणाल्या. गिट नाव युनिकोडमध्ये साठवतं, त्यामुळे देवनागरीला कसलीच आडकाठी नाही. प्रकल्पाच्या नोंदीत जर्मन, जपानी, पोर्तुगीज नावांच्या रांगेत मराठी नाव मराठी अक्षरांत उभं राहतं याचा मला मनापासून आनंद आहे आणि नव्या माणसाला मी हा पर्याय आवर्जून सांगतो. बहुतेकांना तो सुचलेलाच नसतो.

ई-मेलचं तसं नाही, तिथे मी स्वतःहून सावध करतो. कमिटमधला पत्ता जगाला दिसतो आणि कायम दिसतो. गिटहब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या संकेतस्थळावर खातं असेल तर त्यांच्याकडून मिळणारा एक पत्ता वापरता येतो, ज्यावर कुणी मेल पाठवू शकत नाही पण काम तुमच्या नावावर जमा होतं. बाईंचा रोजचा मेल बँकेलाही जोडलेला होता. तो इथे येऊ दिला नाही.

आता देवनागरीच्या खऱ्या अडचणींकडे येतो. इंग्रजीतल्या बहुतेक मार्गदर्शिकांत त्या सापडत नाहीत. पहिली अडचण फाइलींच्या नावांची. आमच्या टीमने काही फाइलींना मराठी नावं दिली आहेत. गिट मुळात अशी नावं सरळ दाखवत नाही. 'म' हे एक अक्षर युनिकोडमध्ये तीन बाइटांचं आहे, तर गिट त्याच्या जागी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २५६ असे आकडे छापतं. पाच-सहा अक्षरांचं नाव म्हणजे आकड्यांची ओळभर माळ. कोअर डॉट कोटपाथ हे एक सेटिंग बंद केलं की नाव वाचता येतं. एका ओळीचं काम आहे, पण ते माहीत नसलेली माणसं फाइल खराब झाली असं समजून ती पुन्हा बनवायला बसतात. मॅकवर याच गटातला वेगळा त्रास होता. त्याची जुनी फाइलव्यवस्था नावातली काही अक्षरं सुटी करून ठेवायची, 'ऱ' चा 'र' आणि खाली नुक्ता असा. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली आहेत असा गिटचा समज व्हायचा. २०१२ पासून गिटमध्ये त्यावर तोडगा आहे.

दुसरी अडचण दिसण्याची. गिटच्या काळ्या खिडकीत मराठी डिफ पाहिला की जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तो दोष खिडकीचा असतो, मजकूर शाबूत असतो. पण मराठीच्या शिक्षिकेला तसली अक्षरं दाखवून 'हे बरोबर आहे, विश्वास ठेवा' असं मी म्हणू शकत नव्हतो. म्हणून त्यांच्याकडे व्हीएस कोड हा एडिटरही बसवला आणि डिफ तिथेच पाहायचा असं ठरवलं.

आणि तिसरी अडचण मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण ती बाईंनी शोधून काढली. तालीम म्हणून मी त्यांना एक वाक्य मोडून पुन्हा टाइप करायला सांगितलं होतं. वाक्यात 'दुसऱ्या' हा शब्द होता. त्यांनी तो खोडला, तसाच पुन्हा लिहिला, आणि डिफमध्ये ओळ लाल आणि हिरवी अशी दोनदा आली. बाईंनी चष्मा सारखा करून दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. "अरे, यात काही फरकच नाही! काना-मात्रा, सगळं तेच आहे. हा लाल कशासाठी करतोय?"

फरक होता. 'ऱ्य' मधला आडवा रफार दोन रीतींनी टाइप होतो. युनिकोडात 'ऱ' साठी वेगळं अक्षर आहे. त्याचा पाय मोडून पुढे 'य' लिहिला की एक रीत. साध्या 'र' चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातलं की दुसरी. छापील पानावर आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. एका रीतीने लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडत नाही, शब्दसूचीत तो दोनदा येतो, शुद्धलेखन तपासणारं साधन एकाला चूक ठरवतं. 'ॲप' मधल्या 'ॲ' चंही तेच. त्या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीच्या फाइलींत ते 'अ' वर चंद्र ठेवून साधलेलं आहे आणि काही कीबोर्ड आजही तसंच करतात.

बाईंचा प्रश्न घेऊन आमची टीम बसली. कुठला कीबोर्ड कोण वापरतो याची पहिल्यांदाच उजळणी झाली. 'ऱ' आणि 'ॲ' ही स्वतंत्र अक्षरंच वापरायची असं ठरलं आणि सगळ्या फाइलींतली जुनी रूपं एका वेगळ्या कमिटमध्ये एकदम बदलली, त्यात दुसरं काहीही मिसळलं नाही. संदेशात कारण सविस्तर लिहिलं. आमच्या टीमच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे फाइली आणि त्यांच्या इतिहासाच्या साठ्यात, कमिटचे संदेश आम्ही मराठीतच लिहितो. मूळ प्रकल्पात पाठवताना इंग्रजी. पुढे कधी कुणी विचारेल की या ओळीला हात का लागला, तर गिट ब्लेम ही आज्ञा त्याला त्या कमिटपाशी नेईल आणि तिथे उत्तर तयार असेल. तेव्हापासून माझ्या यादीत गिटच्या आधी कीबोर्ड येतो. नवा माणूस कुठल्या कीबोर्डाने 'दुसऱ्या' लिहितो, हे मी पहिल्या भेटीतच पाहतो.

यानंतर क्लोन. म्हणजे प्रकल्पाची सबंध प्रत, इतिहासासकट, आपल्या संगणकावर आणणं. पुण्यात चहा होईपर्यंत ती उतरते. बाईंच्या गावात मोबाइलचं नेट, तेही गच्चीच्या एका कोपऱ्यात. अर्ध्यावर जोडणी तुटली की गिटचं क्लोन पहिल्यापासून सुरू होतं, राहिलं तिथून पुढे जात नाही. नातीने दोन-तीनदा प्रयत्न केला, मग मी थांबवलं. इतिहास कापून फक्त ताजी प्रत घेण्याचा मार्ग आहे, पण बाईंना जुनी भाषांतरं आणि त्यामागची कारणं वाचायची होती. त्यांच्यासाठी इतिहास हाच अर्धा रस होता. तेव्हा मी माझ्याकडची रिपॉझिटरी गिट बंडलने एका फाइलीत बांधली, पेनड्राइव्हवर घातली आणि कराडला निघालेल्या भाच्याच्या हाती दिली. त्या फाइलीतून क्लोन केलं, मग मूळ ठिकाणाचा पत्ता लावून दिला आणि मधल्या दिवसांत झालेले थोडे बदल तेवढे नेटवरून ओढले. ही सोय गिटमध्ये फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांत ती शिकवताना मी क्वचितच पाहिलं आहे, आणि खेड्यांतल्या मुलांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे. कार्यशाळा घेणाऱ्यांनी निदान एक पेनड्राइव्ह असा भरून जवळ ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती.

आणलेलं परत पाठवायचं तर किल्ली हवी. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी नुसता पासवर्ड घेणं बंद केलं. त्यामुळे आम्ही एसएसएचच्या दोन किल्ल्या बनवतो. एक खासगी, ती आपल्या संगणकाबाहेर जात नाही. दुसरी जाहीर, ती खात्यावर लावायची. कुठली कुठे, यात गोंधळ होऊ नये म्हणून बाईंनी आपल्या वहीत दोन रकाने पाडले. पहिल्यांदा जोडताना एसएसएच पलीकडच्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवतं आणि ओळख पटली का, असं विचारतं. बहुतेक जण न वाचता 'यस' लिहितात. मी ठसा जुळवून बघायला लावतो. मार्च २०२३ मध्ये गिटहबची एक खासगी किल्ली थोडा वेळ उघड्यावर पडली होती आणि त्यांना ती बदलावी लागली. त्या दिवशी जगभर लोकांच्या पडद्यावर धोक्याची सूचना आली. ज्यांना ठसा जुळवण्याची सवय होती त्यांनी जाहीर केलेला नवा ठसा पाहिला आणि कामाला लागले. बाईंनी तो ठसा फोनवर मला एकेक अक्षर वाचून दाखवला, पहिली लिपी आणि दुसरी लिपी असा फरक सांगत. शुद्धलेखन घालावं तसं. शेवटी 'जुळलं' म्हणाल्या आणि मगच 'यस' लिहिलं.

हूकचं काम थोडक्यात. हूक लावून कमिट होण्याच्या आधी काही तपासण्या आपोआप चालवता येतात. भाषांतरात एमएसजीएफएमटी ही तपासणी फार उपयोगाची. 'इतक्या फाइली सापडल्या' या वाक्यात आकड्याच्या जागी टक्केचिन्ह आणि एक अक्षर असतं. भाषांतरात ते गळलं किंवा बदललं तर वापरणाऱ्याच्या संगणकावर प्रोग्रॅम चुकीचं दाखवतो, कधी बंदही पडतो. ही तपासणी ते पकडते. मात्र क्लोनबरोबर हूक येत नाहीत, सुरक्षेसाठी ते मुद्दाम वगळलेले असतात. ते प्रत्येकाला आपल्या संगणकावर हाताने लावावे लागतात. अनुभवी माणसंही हे विसरतात आणि तपासणी चालू आहे अशा समजात राहतात.

एवढं झालं आणि बाईंनी 'तुम्ही खात्री आहात का' या वाक्याला हात घातला. वेगळी ब्रँच, म्हणजे कामाची स्वतंत्र शाखा, केली, त्याच खिडकीतली आणखी काही वाक्यं सुधारली, डिफ पाहिला, नाव पाहिलं, पाठवलं. पलीकडून उत्तर आलं ते भाषांतराबद्दल नव्हतंच. तपासणाऱ्याने लिहिलं होतं की यात शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आणि नवी भाषांतरं एकत्र आहेत, ती दोन कमिटांत वेगळी करता येतील का. मी मदतीला येतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "तू नको येऊस. मी बघते." त्यांनी गिट अॅडमध्ये एकेक तुकडा निवडत जाण्याची पद्धत वाचून काढली आणि रात्री उशिरा दोन स्वच्छ कमिटं पाठवली. दुसऱ्या दिवशी ती आत गेली.

आता त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनी या कामात आहेत, आणि त्यांना गिट मी लावून दिलेलं नाही, बाईंनी दिलं. बाईंच्या वहीतल्या नोंदी आम्ही टाइप करून टीमच्या रिपॉझिटरीत ठेवल्या आहेत: कीबोर्ड, नाव, ओळींचे शेवट, पोएडिट, फाइलींची नावं, पेनड्राइव्ह, ठसा, हूक, या क्रमाने. त्या फाइलीत पहिली सुधारणा एका विद्यार्थिनीनेच पाठवली. गिटच्या नव्या आवृत्तीत बसवतानाच्या खिडक्यांचा क्रम बदलला होता, तो तिने दुरुस्त केला. डिफमध्ये तीन ओळी होत्या. बाईंनी तो तपासला, एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता तो दाखवला, आणि दुरुस्त होऊन आल्यावर मर्ज केला.